गळकी नळी आणि उत्तर ध्रुव

कंडेन्सरची नळी गळायला लागली की काय होतं, हे औष्णिक वीज केंद्रात एक रात्रपाळी काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. माझी तर सगळी नोकरीच बॉयलर, टर्बाइन आणि कंडेन्सर यांच्या सहवासात गेली. मुलीकडे कनेक्टिकटला आल्यावर तिनं विचारलं, "बाबा, या शनिवारी न्यूयॉर्क करायचं की बॉस्टन?" मी म्हणालो, "दोन्हींच्या मधे ग्रोटन आहे. तिथं जाऊ." ग्रोटनला नदीकाठी ‘नॉटिलस’ उभी आहे, अणुशक्तीवर चाललेली जगातली पहिली पाणबुडी. ती उत्तर ध्रुवाखालून गेली हे शाळेत असल्यापासून ठाऊक होतं. मला ओढ होती ती तिच्या गळक्या कंडेन्सरची. त्याची गोष्ट मी फार पूर्वी वाचली होती आणि ती कधी डोक्यातून गेली नाही.

ऑक्टोबर अर्धा सरला होता. मेपलची झाडं लाल-केशरी झाली होती आणि ही, माझी बायको, गाडीच्या खिडकीला नाक लावून बसली होती. न्यू लंडन गाव मागे टाकून रस्ता एका उंच पुलावर चढतो. खाली थेम्स नदी. अक्षरं लंडनच्याच नदीची, पण तिकडे ती टेम्स आणि इथे थेम्स. पुलावरून समुद्राच्या बाजूला पाहिलं की पूर्वेच्या काठावर इलेक्ट्रिक बोट कंपनीची अवाढव्य गोदी दिसते. १४ जून १९५२ रोजी याच गोदीत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते नॉटिलसच्या तळपट्टीचा समारंभ झाला आणि २१ जानेवारी १९५४ रोजी मेमी आयझेनहॉवर यांनी शॅम्पेनची बाटली फोडून तिला याच नदीत सोडलं. आज तिथेच नव्या अणुपाणबुड्या बांधल्या जातात. पुलाच्या वरच्या अंगाला, थोडं उत्तरेला, नौदलाचा पाणबुडी तळ आहे. त्याच्या दाराशीच संग्रहालय. प्रवेश फुकट.

संग्रहालयाच्या बाहेर दोन लोखंडी कडी उभी केली आहेत, एक छोटं आणि एक प्रचंड. छोटं कडं ‘हॉलंड’ या पाणबुडीच्या घेराएवढं आहे. १९०० साली अमेरिकी नौदलानं विकत घेतलेली ती पहिली पाणबुडी. आपल्या घरातल्या खोलीची असते तेवढीच त्या कड्याची उंची. मोठं कडं ‘ओहायो’ वर्गाच्या पाणबुडीचं, चार मजली इमारतीएवढं. लेकीनं आम्हा दोघांचा फोटो छोट्या कड्यात काढला. मोठ्या कड्यात उभं राहिलो तर फोटोत माणसंच दिसेनात. नॉटिलस या दोन कड्यांच्या मधली. लांबी सुमारे ९७ मीटर, रुंदी साडेआठ मीटर.

आतली दालनं मी जरा घाईनं पाहिली. १७७६ सालची लाकडी ‘टर्टल’ पाणबुडी, म्हणजे एका माणसानं पिंपात बसून हातानं पंखा फिरवायचा, तिची प्रतिकृती मात्र थांबून पाहिली. मग मागच्या दारानं धक्क्यावर आलो आणि समोर ती. काळी, लांबट, पाण्यात निम्मी बुडालेली. मधे मनोरा आणि त्यावर पांढऱ्या आकड्यांत ५७१.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं. शंख करून राहणारा नॉटिलस हा समुद्री जीव आपल्या शंखाच्या कप्प्यांतला द्रव आणि वायू कमी-जास्त करून पाण्यात तरंगतो. रॉबर्ट फुल्टननं १८०० साली फ्रान्समध्ये बांधलेल्या पाणबुडीला हे नाव दिलं. पुढे ज्यूल व्हर्ननं कादंबरीतल्या कॅप्टन निमोच्या पाणबुडीलाही तेच दिलं. भा. रा. भागवतांमुळे मराठी मुलांच्या दोन पिढ्या व्हर्नच्या गोष्टींवर वाढल्या. पण निमो मुळात कोण, हे पुष्कळांच्या लक्षात नसतं. व्हर्ननं ते नंतरच्या ‘मिस्टीरियस आयलंड’ या कादंबरीत उघड केलं. निमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डाकार. १८५७ च्या युद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेला आणि सगळं गमावून समुद्राच्या पोटात शिरलेला. झाशी ज्या बुंदेलखंडात आहे, तिथलाच. लक्ष्मीबाईच्या मुलखातला एक कल्पित राजपुत्र ज्या नावाच्या बोटीवर कॅप्टन होता, त्या नावाच्या खऱ्या बोटीवर मी पाय ठेवत होतो. मी हे हिला सांगितलं, तेव्हा ती काही बोलली नाही. पण जिन्याशी जरा थांबून तिनं पायातल्या चपला सारख्या केल्या, देवळाच्या पायरीशी करते तशा.

जिना उतरलं की आपण टॉर्पेडोंच्या खोलीत येतो. सहा नळ्यांची गोल, पितळी चकाकणारी तोंडं समोर. बाजूच्या फळ्यांवर टॉर्पेडो आणि त्यांच्या शेजारीच खलाशांच्या झोपायच्या फळ्या. पाणबुडी हे शस्त्र आहे, हे या खोलीत विसरता येत नाही. नॉटिलसनं पंचवीस वर्षांत एकाही लढाईत भाग घेतला नाही, याचं मला बरं वाटलं.

पुढे अधिकाऱ्यांची छोटी भोजनखोली, कपाटाएवढ्या केबिन आणि एक खराखुरा जिना. जुन्या पाणबुड्यांत वर-खाली करायला उभ्या शिड्या असत. इथे पायऱ्या आहेत, कठडा आहे. गणवेशातला एक तरुण नौसैनिक तिथे उभा होता. बोट जतन केलेली असली तरी तिच्यावर आजही नौदलाचीच माणसं नेमलेली असतात. त्याला मी विचारलं, "इंजिनरूम?" तो हसून म्हणाला, "ती बंद असते, सर." मला ते अपेक्षित होतं. तरी जरा चुटपुट लागलीच.

कारण या बोटीची सगळी गोष्ट त्या बंद भागात आहे.

अणुभट्टी म्हणजे काही गूढ नाही, पाणी तापवायचं साधनच. नॉटिलसच्या भट्टीत युरेनियमच्या इंधनाभोवती शुद्ध पाणी फिरायचं. त्यावर दाब इतका की प्रचंड तापूनही ते उकळू शकत नसे. हे पाणी आपली उष्णता दुसऱ्या, वेगळ्या पाण्याला द्यायचं, त्या दुसऱ्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती टर्बाइन फिरवायची. तिथून पुढे सगळं आमच्यासारखंच. काम झालेली वाफ कंडेन्सरमध्ये, तिचं परत पाणी, परत वाफ. फरक एकच. आमचा कंडेन्सर गार करायला धरणाचं गोडं पाणी होतं, इथे समुद्राचं खारं. कंडेन्सरमध्ये हजारो बारीक नळ्या असतात. त्यातल्या एका नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी खारं पाणी वाफेच्या पाण्यात मिसळतं आणि पुढे स्टीम जनरेटरच्या, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या भागाच्या, नळ्या कुरतडायला लागतं. आणि भोक सापडता सापडत नाही. आमच्याकडे आम्ही अशा वेळी एकेका नळीच्या तोंडाशी मेणबत्ती धरून ज्योत कुठे आत ओढली जाते ते पाहत बसायचो. पहाटेपर्यंत डोळे चुरचुरायचे.

कोळशाला हवा लागते, डिझेलला लागते. अणुइंधनाला लागत नाही. सगळा फरक पडला तो यामुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्या खरं तर पाण्यावरच चालायच्या आणि गरजेपुरती बुडी मारायच्या. बुडी मारली की बॅटरीवर, बैलगाडीच्या चालीनं. नॉटिलस पहिल्यांदा पाण्याखालची बोट झाली.

हे घडवून आणलं हायमन रिकओव्हर या माणसानं. पोलंडमधल्या माकूव्ह गावी ज्यू शिंप्याच्या घरात जन्म, लहानपणी अमेरिकेत आगमन, मग नौदल. स्वभावानं अतिशय कठोर, वरिष्ठांना नकोसा. पण त्यानं एक गोष्ट फार शहाणपणाची केली. समुद्रात जायच्या आधी, समुद्रापासून शेकडो मैल लांब, आयडाहोच्या वाळवंटात पाणबुडीच्या पोटाचा एक तुकडा बांधला आणि त्यात तशीच हुबेहूब भट्टी बसवली. मार्च १९५३ मध्ये ती पेटली. जूनमध्ये पूर्ण शक्तीवर अठ्ठेचाळीस तासांची चाचणी ठरली होती. ती झाल्यावर रिकओव्हर म्हणाला, थांबायचं नाही, अटलांटिक ओलांडून होईपर्यंत चालवा. भिंतीवर नकाशा लावला आणि जागच्या जागी उभ्या बोटीचा प्रवास त्यावर रेखायला सुरुवात झाली. वाटेत उपकरणं बिघडली, कंडेन्सरची नळी गळू लागली. लोक म्हणाले, बंद करू. त्यानं ऐकलं नाही. शंभर तासांच्या आसपास ती भट्टी चालली, आणि वाळवंटातली बोट नकाशावर आयर्लंडला लागली.

आपल्याकडेही पुढे हीच वाट धरली गेली. ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी कल्पक्कमला जमिनीवर आधी नमुन्याची भट्टी चालवून पाहिली. त्या केंद्रात, तुर्भ्याला आयुष्य घालवलेली माणसं मराठी घरांत पुष्कळ आहेत. त्यांना हे नव्यानं सांगायला नको.

माझ्या मते नॉटिलसचा सगळ्यात मोठा प्रसंग उत्तर ध्रुवावर घडलाच नाही. तो सप्टेंबर १९५४ मध्ये गोदीत, बोट दोरांनी बांधलेली असताना घडला. चाचणी चालू असताना वाफेची एक लहानशी नळी फुटली. फारसं कुणाला लागलं नाही. पण फुटलेला तुकडा पाहिल्यावर कळलं की तिथे अखंड नळी हवी होती, आणि बसवली होती वेल्डिंगचा जोड असलेली, कठड्याला वापरतात तसली. आता अशा नळ्या आणखी कुठे कुठे आहेत? नोंदींवरून सांगता येईना. बोट नौदलात दाखल करण्याच्या समारंभाची तारीख दोन आठवड्यांवर. रिकओव्हरनं हुकूम दिला, त्या मापाची शंका येणारी प्रत्येक नळी काढा. हजारो फूट नळ्या उपसून नव्या घातल्या. ३० सप्टेंबरला बोट रीतसर नौदलात दाखल झाली, पण पुढचे साडेतीन महिने धक्क्यालाच बांधलेली राहिली.

अखेर १७ जानेवारी १९५५ ला सकाळी अकरा वाजता कमांडर युजीन विल्किन्सन यांनी दोर सोडायला सांगितले आणि संदेश पाठवला: अणुशक्तीवर निघालो आहोत. त्याच सुमारास उजवीकडच्या गिअरमधून मोठा आवाज येऊ लागला होता. काठावर पत्रकारांची गर्दी आणि आत अभियंत्यांच्या पोटात गोळा. निघालं काय, तर एक सैल झालेला स्क्रू. तो घट्ट करून बोट नदीतून समुद्राकडे गेली.

त्यानंतर विक्रमांची रांगच लागली. त्याच वर्षी मे महिन्यात न्यू लंडनपासून पोर्तो रिकोपर्यंत सुमारे १,२०० सागरी मैल, एकदाही वर न येता, नव्वद तासांच्या आत. फेब्रुवारी १९५७ मध्ये तिनं ६०,००० सागरी मैल पुरे केले, म्हणजे निमोच्या नॉटिलसचा कादंबरीतला प्रवास गाठला. इंधनाचा पहिला भरणा दोन वर्षं पुरला.

पुढच्या खोलीत दोन पेरिस्कोप आहेत. मी एकाच्या दांड्याला हात लावला. १९५७ मध्ये नवे कप्तान विल्यम अँडरसन पहिल्यांदा बर्फाखाली शिरले, तेव्हा वर येताना दोन्ही पेरिस्कोप बर्फाला धडकले. एक वाकला. बोटीवरच्या माणसांनी उघड्या मनोऱ्यावर, वादळी वाऱ्यात, स्टेनलेस स्टीलचं वेल्डिंग करून तो पुन्हा कामाचा केला. पुन्हा आत गेले, ८७ अंशांपर्यंत पोचले आणि तिथे होकायंत्रांनी दगा दिला. ध्रुवाजवळ दिशा कळेनाशी होते आणि वर बर्फाचं छत. परत फिरावं लागलं.

त्या ऑक्टोबरात रशियानं स्पुटनिक सोडला. आता अमेरिकेला काहीतरी करून दाखवायचं होतं. नॉटिलसवर क्षेपणास्त्रासाठी बनवलेलं नवं दिशादर्शक यंत्र बसवलं आणि १९५८ च्या उन्हाळ्यात तिला गुपचूप पॅसिफिकमध्ये पाठवलं. वाटेत इंजिनरूममध्ये धूर झाला. तेलात भिजलेलं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, आतल्या आत धुमसत होतं. डोळे चुरचुरत असताना खलाशांनी सुऱ्यांनी ते ओरबाडून काढलं. तेलकट लॅगिंगची आग कशी असते, ते मी पाहिलं आहे. ज्वाळा दिसत नाहीत, फक्त धूर येत राहतो.

आणि मग कंडेन्सर. कुठेतरी खारं पाणी आत येत होतं. जंग जंग पछाडलं, गळती सापडेना. एवढी गुप्त मोहीम, पुढे बर्फ, आणि आत कुरतडणारं मीठ. तेव्हा अँडरसनना मोटारगाडीचा रेडिएटर आठवला. रेडिएटर गळला की त्यात ओततात ते ‘स्टॉप लीक’. सिएटलला बोट लागल्यावर खलाशी साध्या कपड्यांत गावात गेले, गॅरेज आणि पेट्रोल पंप पालथे घातले आणि मिळतील तेवढे डबे विकत आणले. ते कंडेन्सरमध्ये ओतले. गळती थांबली.

ही गोष्ट मी हिला पहिल्यांदा सांगितली तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता. जगातली सगळ्यात महागडी बोट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला डबा! मला त्यात हसण्यासारखं कधीच काही वाटलं नाही. ज्या लोकांनी एका फुटलेल्या नळीसाठी हजारो फूट नळ्या उपसल्या, त्याच लोकांनी वेळ आली तेव्हा डबा ओतला. कुठे तडजोड चालते आणि कुठे अजिबात चालत नाही, हे ओळखणं म्हणजेच अभियांत्रिकी. ते कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

जूनमधला पहिला प्रयत्न फसला. अलास्कापलीकडे समुद्र उथळ, आणि बर्फाचे सुळके इतके खोल उतरलेले की एका ठिकाणी मनोऱ्याच्या डोक्यावर जेमतेम पाच फूट जागा उरली. खाली तळ, वर बर्फ. अँडरसननी बोट मागे वळवली आणि पर्ल हार्बरला जाऊन महिनाभर वाट पाहिली. मला त्यांचं हे वळणं पुढच्या यशाइतकंच मोलाचं वाटतं. २३ जुलैला ते पुन्हा निघाले. १ ऑगस्टला अलास्काच्या बॅरोजवळ खोल पाण्याची घळ सापडली आणि बोट तिच्यातून आत शिरली. ३ ऑगस्ट १९५८, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळानुसार रात्री सव्वाअकरा वाजता, ११६ माणसांसह नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून गेली. तिथे समुद्राची खोली भरली १३,४१० फूट. शहाण्णव तास बर्फाखाली काढून ती ग्रीनलंडच्या बाजूला वर आली.

अँडरसनना हेलिकॉप्टरनं बोटीवरून उचलून थेट व्हाइट हाउसमध्ये नेलं. त्या समारंभाला रिकओव्हरना बोलावणं नव्हतं. हे वाचलं की अजूनही वाईट वाटतं.

खलाशांच्या भोजनखोलीत आम्ही बराच वेळ रेंगाळलो. टेबलं, बाकं, गाण्यांची पेटी. शेजारी स्वयंपाकघर, पुण्यातल्या वन-रूम-किचनच्या ओट्याएवढं. ही आत डोकावून म्हणाली, "अहो, शंभर माणसांचं तीन वेळचं एवढ्याशा जागेत?" मग जरा थांबून, "आणि रोज पोळ्या नसतील म्हणून बरं." तिचे हात कठड्यावरून फिरत होते. या खोलीच्या मागे भट्टीचा कप्पा आणि इंजिनरूम. प्रेक्षकांची वाट तिकडे जात नाही.

ध्रुवानंतर नॉटिलसचं आयुष्य वीस वर्षांहून जास्त होतं, त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. भूमध्य समुद्रातल्या आरमाराबरोबर काम, १९६२ मध्ये क्यूबाच्या नाकेबंदीत हजेरी, आणि बहुतेक काळ सरावात सावजाची भूमिका. पाणबुड्या शोधायला शिकणाऱ्या जहाजांनी तिला शोधायचं. ती वेगानं निघाली की तिचा सांगाडा थरथरायचा आणि स्वतःच्याच आवाजात तिचे सोनारचे कान बधिर व्हायचे. पहिली होती ना! तिच्या थरथरीतून शिकून पुढच्या पाणबुड्या मूक झाल्या. १० नोव्हेंबर १९६६ रोजी सरावात ती ‘एसेक्स’ या विमानवाहू जहाजाला धडकली, मनोरा चेपला, पण आपल्या बळावर बंदरात आली.

सगळ्याच आल्या नाहीत. १० एप्रिल १९६३ रोजी ‘थ्रेशर’ ही नवीकोरी अणुपाणबुडी १२९ माणसांसह अटलांटिकच्या तळाशी गेली. चौकशीत सगळ्यात संभवनीय कारण निघालं ते नळीचा एक जोड निसटल्याचं. खारं पाणी आत आलं, भट्टी बंद पडली, वर येण्यासाठी सोडलेल्या हवेचे मार्ग बर्फानं तुंबले. त्यानंतर नौदलानं पाण्याच्या दाबाखाली येणारा प्रत्येक जोड, प्रत्येक झडप तपासण्याची आणि नोंदवण्याची कडक पद्धत घालून दिली. गोदीत बांधलेल्या नॉटिलसच्या नळ्या उपसणारा रिकओव्हर उगाच हट्टी नव्हता.

३ मार्च १९८० रोजी कॅलिफोर्नियात नॉटिलस निवृत्त झाली. पाच लाखांहून जास्त मैल चाललेली. भट्टीतलं इंधन काढून घेतलं आणि १९८५ मध्ये तिला ओढत परत ग्रोटनला आणलं. ११ एप्रिल १९८६ पासून ती लोकांसाठी खुली आहे. त्यानंतर तीन महिन्यांतच रिकओव्हर वारले.

परतताना मी धक्क्यावर उभा राहून तिच्या मागच्या अर्ध्या भागाकडे पाहत होतो. वरून काहीच दिसत नाही, नुसती काळी पाठ आणि तिला लागणारं नदीचं पाणी. लेक म्हणाली, "बाबा, आत जाता आलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही. पण आत काय आहे ते मला माहीत आहे."

अमेरिकेत मुलांकडे आलात आणि न्यूयॉर्क ते बॉस्टन जाणार असाल, तर अर्धा दिवस ग्रोटनला द्या. त्या मार्गावरची रेल्वे न्यू लंडनला नदीच्या अगदी काठाशी थांबते. तिथून पूल ओलांडला की गाडीनं थोडंच अंतर. संग्रहालय मंगळवारी सहसा बंद असतं, तेव्हा आधी चौकशी करा. आणि आत उतरलात की पेरिस्कोपापाशी फोटो काढून घाईनं वर येऊ नका. मान वर करून छताकडे, भिंतींकडे पाहा. तिथे नळ्याच नळ्या आहेत.